बीपीच्या गोळीने हिरड्या वाढल्या तर काय करावं?

आईच्या पुढच्या दोन दातांमधली हिरडी मक्याच्या दाण्याएवढी फुगली, तेव्हा आम्ही आधी टूथपेस्ट बदलली. मग हळद-मीठ झालं, लवंगेचं तेल झालं. गोळ्यांच्या डब्याकडे मात्र कुणाचं लक्षच गेलं नाही.

१. आरशात बघा. औषधाने वाढणारी हिरडी बहुधा दोन दातांच्या मधल्या टोकापासून, पुढच्या दातांना, ओठाकडच्या बाजूने फुगू लागते. सहसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. बरेचदा औषध सुरू झाल्यापासून तीनेक महिन्यांत हे दिसू लागतं, पण उशिराही होऊ शकतं. हिरड्या भराभर सुजत असतील, सोबत ताप, अशक्तपणा किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्ततपासणी लागेल.

२. गोळ्यांची स्ट्रिप उलटून वाचा. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं मूळ नाव बघा. हिरड्या वाढवणाऱ्या औषधांत फिटसाठीचं फेनिटॉइन सर्वांत जुनं: १९३८ मध्ये ते वापरात आलं आणि १९३९ मध्येच वाढलेल्या हिरड्यांची नोंद झाली. घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. दुसरं सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्यांना देतात ते. तिसरी बीपीची निफेडिपिन, ॲम्लोडिपिन ही मंडळी. ॲम्लोडिपिनने त्रास होणारे थोडे, पण ही गोळी घरोघरी आहे. शिवाय ती जोडगोळीत, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत लपते. नावाच्या शेवटी ‘एएम’ असेल तर बहुधा तीच. आईच्या गोळीचं तसंच निघालं.

३. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फेनिटॉइन अचानक सोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, सायक्लोस्पोरिन सोडलं तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं. बीपी तर वाढल्याचं कळतही नाही.

४. दोन डॉक्टरांची गाठ घालून द्या. दातांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि गोळी लिहून देणाऱ्यांना दाखवा. आमचे डॉक्टर चिठ्ठी बघेपर्यंत ‘वयामुळे होतं’ म्हणत होते. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत, सायक्लोस्पोरिनऐवजी अनेकदा टॅक्रोलिमस चालतं. काय जमेल ते त्यांनीच ठरवायचं.

५. दात स्वच्छ ठेवा. दातांवरचा चिकट थर आणि किटण हिरडीला आणखी फुगवतात, म्हणून आधी क्लिनिंग करून घ्या. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवा, फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश वापरा. क्लोरहेक्सिडिनची चूळ डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस; जास्त वापरलं तर दात तपकिरी पडतात. मिश्री लावत असाल तर सोडा. (आईशी सगळ्यात जास्त वाद यावरच झाला.)

६. कापायची घाई नको. गोळी बदलल्यावर हिरडी ओसरायला काही महिने लागतात. तरीही चावताना अडत असेल, तर जागा बधिर करून जादा भाग काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. जुनंच औषध चालू राहिलं तर हिरडी पुन्हा वाढू शकते.

आईला पाच महिने लागले. खालच्या एका दाताशी थोडा उंचवटा उरलाय. तो काढायला ती तयार नाही, आणि डॉक्टरही म्हणाले, राहू द्या.