गाडी तापतेय? पाण्याची बाटली उचलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की तुळजापूरच्या घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या दिसू लागतात. पाणी ओततात, तापमानाचा काटा खाली येतो, गाडी निघते. दुखणं मात्र तसंच राहतं.

सगळ्यात जिवावरची चूक म्हणजे तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं. आत दाब असतो, म्हणून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि क्षणात उकळतं पाणी तोंडावर येतं. काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि गाडी कडेला घ्या. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर इंजिन लगेच बंद करा. मग निदान अर्धा तास हात लावू नका. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बोटं लांब ठेवा. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

दुसरी चूक मी स्वतः केली. दोन उन्हाळे घरच्या बोअरचं पाणी भरत राहिलो. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर साचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रेडिएटर उघडला तेव्हा निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. अडचणीत साधं पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण नंतर ते काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट भराच. डबा तयार मिश्रणाचा नसेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. आणि नुसता रंग जुळतो म्हणून दोन कूलंट एकत्र करू नका.

आता खरा प्रश्न: गाडी तापते कधी? सात रस्त्याच्या सिग्नलला तापते आणि हायवेला लागली की गार होते, तर संशय पंख्यावर. एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं तपासा. उलट घाटात किंवा वेगातच तापत असेल, तर बुजलेला रेडिएटर, कमी कूलंट किंवा वॉटर पंप. रेडिएटरचा वरचा होज पाईप कढत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, अडकलेला असू शकतो.

तो थर्मोस्टॅट ‘आपल्याकडच्या उन्हात लागतोय कशाला’ म्हणून काढून टाकणारे मिस्त्री आजही भेटतात. ऐकू नका. काही इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि गाडी जास्तच तापते.

काटा खाली आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो.

कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलीय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोच आहे, असं असेल तर हेड गॅस्केट (इंजिन आणि हेड यांच्यामधलं सील) गेलेलं असू शकतं. तेव्हा गाडी चालवत नेऊ नका, टो करा. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलायला सांगण्याआधी प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करायला लावा, आणि रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या. त्याची स्प्रिंग किंवा रबर गेलं तरी गाडी उकळते, आणि ते बदलायला अगदी थोडे पैसे लागतात.