कोकणात समुद्रकाठी तंबू कुठे ठोकावा

कोकणच्या किनाऱ्यावर तंबूची जागा निवडताना बहुतेक जण सूर्यास्त कुठून चांगला दिसेल ते आधी पाहतात. पाहायचे असते ते भिंतीवरचे कॅलेंडर. रात्री पाणी कुठवर येणार हे तिथीवरून बऱ्यापैकी कळते. सावली, वारा, विंचू-काटा हे सगळे त्यानंतर.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि त्यांच्या मधोमध ओहोटी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तंबूसाठी एवढे पुरते, होडी काढायची असेल तर छापील वेळापत्रकच पाहावे.

आता यातली खोच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, आणि त्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. चांदणी रात्र धरून आलेली मंडळी पोचतात तेव्हा समुद्र लांब गेलेला, पुळण म्हणजे वाळूचा किनारा ऐसपैस, वाळू घट्ट आणि सपाट. नेमकी तीच जागा मध्यरात्री पाण्याखाली जाते. सर्वांत मोठी भरती बहुधा एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला, रात्री पाऊण ते दीडच्या सुमारास येते. शिवाय हिवाळ्यातल्या उधाणात रात्रीची भरती दुपारच्या भरतीहून मोठी असते; मुंबईकडे हा फरक अर्ध्या मीटरहून जास्त जातो. त्यामुळे दुपारी पाणी कुठपर्यंत आले होते, या माहितीवर रात्री विसंबू नये. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, सगळे उलट: संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी, आणि चढउतारही कमी. नवख्यांनी पहिली रात्र सप्तमी ते दशमीमधली धरावी. चांदणेही अर्धेमुर्धे मिळते.

उधाणाचा चढउतार मुंबई-अलिबागकडे चार-साडेचार मीटर असतो, तर मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन-अडीच. पण आकड्याइतकाच उतारही महत्त्वाचा. पन्नास पावलांत एक पाऊल उतरणाऱ्या सपाट पुळणीवर पाणी एक मीटर चढले की काठ पन्नास मीटर आत सरकतो.

किनाऱ्यावर पोचल्यावर वाळूतल्या रेघा वाचा. ओल्या शेवाळाची, शिंपल्यांची ताजी रेघ शेवटच्या भरतीची. तिच्या वर वाळलेल्या काटक्या, बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे यांची जुनी रेघ दिसेल; ती मागच्या उधाणाची किंवा वादळी लाटांची. हिशोब या जुन्या रेघेपासून करायचा. तिच्यावर उभे राहून जागेकडे पाहा: तिथली जमीन निदान कमरेइतकी उंच हवी. मर्यादवेल, म्हणजे जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या पानांची पसरट वेल, सहसा रोजच्या भरतीच्या वर वाढते. तिच्यावर तंबू ठोकू नका, वाळू तीच धरून ठेवते. तिच्यामागची मोकळी वाळू चालेल. वाळूचा उभा कापलेला कडा किंवा सुरूची उघडी पडलेली मुळे दिसली तर समुद्र तिथे जमीन खातो आहे. कडा कितीही उंच असला तरी ती जागा सोडा.

खाडीच्या मुखाशी असलेली वाळूची जीभ फोटोत सुंदर दिसते, पण तिथे पाणी दोन बाजूंनी येते. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर राहायचे तर वस्तीतल्या वाडीत राहा, टोकाला नको. दोन डोंगरांच्या नाकांमधल्या छोट्या पुळणीवर जाताना परतीची वाट पाहून ठेवा. ओहोटीत खडकांवरून चालत गेलेली वाट भरतीत बंद होते. कोरडा पऱ्या किंवा वहाळ सपाट आणि आडोशाचा असतो म्हणून मोह होतो, पण ऑक्टोबरात आणि मे महिन्यात वर डोंगरात वळवाची सर पडली की तो तासाभरात वाहू लागतो. खाडीकाठी आत जायचे असेल तर वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत. पाण्यालगत मुक्काम नको, भांडी घासायलाही नको. खारफुटीजवळ तर संध्याकाळनंतर डास आणि बारीक चावऱ्या माश्या बसू देत नाहीत. निदान दोन-तीनशे मीटर लांब राहा.

सावलीचे गणित कोकणात सोपे आहे. किनारा पश्चिमेला, झाडे पूर्वेला, म्हणजे सुरूच्या बनाला किंवा वाडीला पाठ लावून तंबू ठोकला की सकाळचे ऊन उशिरा येते. उघड्यावर आठ वाजताच आत बसवत नाही. नारळाखाली मात्र कधीच नाही. नारळाचे सगळ्यांना सुचते, पण वाळलेली झावळ जास्त वेळा पडते आणि तीही वजनदार असते. सुरूखाली वाळक्या काड्यांचा जाड थर असतो. तिथे स्टोव्हसुद्धा पेटवू नये. चूल हवीच असेल तर भरतीच्या रेघेखालच्या ओल्या वाळूत, आणि विझवायची ती पाण्याने. निखाऱ्यांवर वाळू लोटली तर ते तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पोर त्यावर पाय देते.

केवड्याची जाळी, जांभ्या दगडाचे गडगे, पाचोळ्याचे आणि सोडणांचे (नारळाच्या सालींचे) ढीग यांपासून दहा-पंधरा पावले तरी लांब राहा. फुरसे दगडांत आणि पाचोळ्यात असते, मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. तंबूची चेन कायम बंद, चपला आत, बाहेर पडताना बॅटरी पायाशी. दंश झालाच तर चिरू नका, आवळून बांधू नका. अवयव न हलवता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. म्हणून जागा ठरवतानाच दोन गोष्टी तपासा: मोबाइलला रेंज आहे का, आणि रात्री गाडी कुठपर्यंत येते.

पण गाडी फार जवळ येत असेल तेही वाईट. काशीद, दिवेआगर, मुरूडसारख्या सपाट पुळणींवर लोक रात्रीही गाड्या फिरवतात, आणि अंधारात तंबू दिसत नाही. चाकांच्या खुणा असलेला पट्टा टाळा. होड्या ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली जागाही टाळा. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लागते तिथे पहाटे माणसे, दोर आणि मासळी यांना सगळा किनारा लागतो. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवे अंडी घालायला येतात आणि पिल्ले मेपर्यंत बाहेर पडत राहतात. उजेडाने ती भरकटतात. तिथे पुळणीवर तंबू नकोच, गावात घरगुती राहण्याची सोय आहे.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, वारा छान आणि डास कमी. पण खुंट्या जात नाहीत, विजेला आडोसा नाही, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला वणवा लागतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोरीव रेषा दिसली की लांब सरका.

परवानगी ग्रामपंचायतीकडून किंवा वाडीच्या मालकाकडून घ्या, आणि पोलीस पाटलांना कळवा. सुरूचे बन अनेकदा वनखात्याचे असते. खरे सांगायचे तर मालकाला पैसे देऊन वाडीच्या कडेला तंबू ठोकणे हा सगळ्यांत शहाणा पर्याय: विहीर, संडास आणि रात्री हाकेला माणूस मिळतो. पाण्याची चव मात्र आधी घ्या, किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होऊ शकतात. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार-पाच लिटर धरा.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीचा. नोव्हेंबरही चांगला, पण 2009 मध्ये फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला आले होते, आणि तौक्ते 2021 च्या मे महिन्यात. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा निघण्याच्या दिवशी पाहा. दूरच्या समुद्रातून आलेल्या लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर चढतात.

ठोकताना नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत. कापडी पिशवीत चार-पाच किलो वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, हातभर खोल खड्ड्यात पुरून वर पायाने दाबा. तंबूची बुटकी बाजू वायव्येला ठेवा, कारण संध्याकाळचा दर्यावरचा वारा तिथून येतो. मध्यरात्रीनंतर तो फिरून जमिनीकडून वाहतो. पूर्वेच्या दोऱ्याही तितक्याच ताणून ठेवा, आणि दहिवरासाठी बाहेरचे कापड आतल्याला चिकटणार नाही एवढी फट सोडा.