परगावचा उपाय आपल्या ले-आउटमध्ये कसा आणावा

पाण्याच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजारला जाऊन आलेली मंडळी मी नागपुरात पुष्कळ पाहिली. परत आल्यावर त्यांच्या वस्तीत काय बदललं? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचा डीपी. आमच्या ले-आउटसाठी, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या वस्तीसाठी, मी स्वतः असे चार-पाच दौरे केलेत, एकदा तर सपशेल तोंडावर आपटले. आता कोणी ‘बस करून सगळेच जाऊ’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पहिलं काम, प्रश्न एका वाक्यात लिहा. नुसता ‘कचरा’ हा प्रश्न नाही. ‘घंटागाडी येईपर्यंत ४० घरांचा ओला कचरा कोपऱ्यावर पडतो आणि कुत्री पिशव्या फाडतात’ हा प्रश्न आहे.

मग गाव निवडा, आणि नावाला भुलू नका. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत गेलं, पण ते महापालिकेनं गाड्या, माणसं आणि दंड लावून केलेलं काम आहे. ४० घरांचं मंडळ त्यातून काय उचलणार? छत्तीसगडमधल्या अंबिकापूरला बचत गटांच्या बायका घरोघरी जाऊन कचरा आणतात आणि वेगळा करतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरांकडून महिन्याला पैसे घेऊन हेच काम करते. गोळा करणारी माणसं उभी करायची असतील तर तिकडे जा. ओला कचरा घराबाहेर जाऊच द्यायचा नसेल तर केरळातलं अलप्पुळा बघा.

जाताना तिघंच जा. एक जण मंडळाच्या प्रत्येक ठरावाला आडवा जाणारा घ्या, एक उद्या प्रत्यक्ष कचऱ्यात हात घालणारी घ्या.

आता खरी मेख. तिथे गेल्यावर नेमकं बघायचं काय? मी इथेच फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अलप्पुळात २०१२ पासून घरोघरी पाईप-कंपोस्ट आणि छोटे बायोगॅस बसवले गेले. पाईपची युक्ती अगदी सोपी. आठ इंची पीव्हीसीचे दोन पाईप मातीत उभे रोवायचे, तळाशी शेण आणि गुळाचं पाणी, वरून रोजचा ओला कचरा, वर झाकण. एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यात खत होतं. मी पाहिलं, फोटो काढले, व्यास-लांबी वहीत उतरवून घेतली, आणि नागपुरात येऊन दहा घरांत वीस पाईप रोवून मोकळी झाले. मार्च महिना होता.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला तेव्हा एका घरी झाकण उघडलं. आत बटाट्याच्या साली पापडासारख्या कडकडत होत्या. हात लावला तर पाईपचा चटका बसला. कचरा कुजलाच नव्हता, नुसता वाळला होता. अलप्पुळाच्या दमट हवेत जे आपोआप होतं, ते आपल्या कोरड्या ४५ अंशांत कसं होणार? तरी मी म्हटलं, पाऊस येऊ द्या. तिकडे तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तेव्हा पावसाची भीती मनातही आली नाही. जुलैत पाईप खालून पाण्यानं भरले. आमच्या ले-आउटची जमीन काळी. ती एकदा फुगली की पाणी धरून बसते. अलप्पुळा समुद्रकाठचं, तिथली माती रेताड, पाईपातलं पाणी झटकन जिरतं. आमच्याकडे पांढऱ्या अळ्या झाकणापर्यंत चढल्या आणि शेजारच्या काकूंनी पाईप उपटून माझ्या गेटसमोर आणून टाकला. मला अजून त्यांचा राग येत नाही.

म्हणजे तिथलं निम्मं काम पाईप करत नव्हता, खालची रेती आणि हवा करत होती. ती त्यांना फुकट मिळते म्हणून कोणी तिचं नावही काढलं नाही. तेव्हापासून कुठेही गेले की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्हाला इथे फुकट काय मिळतं? माती, हवा, पाणी, रिकामी जागा, दुपारी घरी असणारी माणसं, सगळं त्यात आलं. हे पदाधिकाऱ्यांना विचारू नका, ते तुम्हाला पीपीटी दाखवतील. सकाळी सहाला जाऊन काम करणाऱ्या बाईला विचारा.

दुसरा प्रश्न: तुमचं अडलं कुठे होतं? अलप्पुळाचा कचरा जिथे टाकला जायचा त्या सर्वोदयपुरमच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा अलप्पुळाकडे कचरा टाकायला जागाच उरली नाही. म्हणून लोक पाईपाला तयार झाले. आपल्याकडे घंटागाडी उशिरा का होईना येते, कचरा भांडेवाडीच्या डेपोत जातो आणि आपल्या डोळ्यांआड होतो. ती निकड तुम्हाला सोबत आणता येत नाही. तिच्या जागी काय ठेवणार, ते आधी ठरवा. आम्ही खताची वाटणी ठेवली: जो कचरा वेगळा देईल त्यालाच कुंड्यांसाठी खत. फुलवेड्या बायकांवर याचा चांगलाच परिणाम झाला.

हिवरे बाजारचंही तेच आहे. लोक चर आणि बंधारे बघून येतात. पण तिथली ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते, शेतीला बोअर घेऊ देत नाही आणि ऊसही लावू देत नाही. हे नियम मात्र कोणी सोबत आणत नाही. ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचं ते गाव, आणि आपण हजाराच्या वर पाऊस झेलून दर घरी बोअर मारून बसलोय.

तिसरी गोष्ट, परत आल्यावर आधी आपल्या आजूबाजूला शोधा. आमचं उत्तर शेवटी केरळात नव्हे, आपल्याच विदर्भात सापडलं: नाडेप. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ही पद्धत. जमिनीच्या वर विटांचा जाळीदार हौद, आत काडीकचरा, शेणकाला आणि मातीचे थर. खालून पाणी तुंबत नाही, जाळीतून हवा खेळते, उन्हाळ्यात वरून लिंपलं की ओल टिकते. केरळातून आमच्याकडे आली ती एकच गोष्ट, दारातच कचरा वेगळा करायची शिस्त.

मंजुरी बहुमतानं घेऊ नका. आमच्या पहिल्या ठरावाला २४ विरुद्ध १६ मतं पडली आणि त्या १६ घरांनी वर्षभर कचरा वेगळा करायला पिशवीची गाठ सोडली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात आधी अभ्यास गटात चर्चा होते आणि निर्णय सर्वसहमतीनं. दोन-तीन बैठका जास्त लागतात, लागू द्या.

हौद एकच बांधा, निंबाच्या सावलीत, आणि सुरुवात ऑक्टोबरात करा. नवतपा आणि जुलैचा पहिला मोठा पाऊस, दोन्ही त्यावरून गेल्याशिवाय दुसऱ्यासाठी वर्गणी मागायची नाही.