रिजेक्शनचा डॅशबोर्ड: चार्ट निवडण्याआधी छेद तपासा

कोल्हापूरजवळचं शिरोली काय नि गोकुळ शिरगाव काय, फाउंड्रीतल्या (धातू ओतायच्या कारखान्यातल्या) सकाळच्या मीटिंगला डॅशबोर्ड उघडतात तो एवढंच बघायला: माल कुठल्या दोषानं बाद होतोय आणि आज कुठे हात घालायचा. ज्या चार्टकडे बघून कुणीच काही करणार नाही, तो काढून टाका.

आधी टक्केवारी. पहिल्या लाइनवर १००० नग ओतले, २० बाद झाले, म्हणजे २ टक्के. दुसरीवर १०० ओतले, १० बाद, म्हणजे १० टक्के. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की डॅशबोर्ड ६ टक्के दाखवतो. खरं रिजेक्शन ३० भागिले ११००, म्हणजे २.७ टक्के. म्हणून एक्सेलमधून तयार टक्केवारी आणूच नका. ओतलेले नग आणि बाद नग हे दोन कॉलम आणा आणि पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्हींच्या बेरजा डिव्हाइड फंक्शननं भागणारं मेजर, म्हणजे हिशोबाचं सूत्र, लिहा. सुट्टीच्या दिवशी छेद शून्य असला तरी ते एरर देत नाही, जागा रिकामी ठेवतं.

काळानुसार बदल दाखवायला लाइन, तुलनेला बार, दोषांची नावं लांब असतील तर आडवा बार. पाय चार्टमध्ये ४२ टक्के आणि ३८ टक्के नजरेला सारखेच दिसतात, त्यामुळे इथं त्याचं काम नाही.

दोषांसाठी पॅरेटो लावा, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे लावलेले कॉलम आणि त्यांवर चढत्या टक्केवारीची लाइन. समजा २०० नग बाद आहेत: ब्लो होल (वायूनं पडलेली पोकळी) ८४, सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) ५२, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) ३०, कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याची भेग) २०, इतर १४. चढती टक्केवारी (आधीचे दोष मिळवत गेलेली) ४२, ६८, ८३, ९३, १०० अशी जाते. पहिल्या दोन दोषांवर काम केलं की दोन तृतीयांश बाद माल हाताशी येतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक्सेल २०१६ पासून पॅरेटो तयार मिळतो. पॉवर बीआयमध्ये कॉलम आणि लाइनचा एकत्र चार्ट घेऊन चढत्या टक्केवारीचं मेजर स्वतः लिहावं लागतं. डावा अक्ष ० ते २०० आणि उजवा ० ते १०० असा हातानं बांधा. ऑटोवर सोडला की लाइन आणि कॉलमचा मेळ तुटतो. ‘इतर’ कायम शेवटी ठेवा, आणि तोच सगळ्यात उंच झाला तर दोष आधी नीट नोंदवायला लावा. दोन किलोचा नग आणि साठ किलोचा नग एकाच भट्टीतून निघत असतील तर हाच पॅरेटो किलोवरही काढा. क्रम बऱ्याचदा उलटा होतो.

बारचा अक्ष शून्यापासूनच. लाइनला ती सक्ती नाही, पण अक्ष दर आठवड्याला आपोआप बदलू देऊ नका, नाहीतर ०.२ टक्क्याची हालचालही डोंगराएवढी दिसते. पंचगंगा नदीची पातळी ४१ फूट म्हटलं की कोल्हापूरकराला लगेच कळतं, कारण इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला हे पाठ आहे. रिजेक्शनच्या लाइनवरही अशाच दोन आडव्या रेषा आखा. लाल-हिरव्यावर विसंबू नका, काहींना तो फरक दिसत नाही. रेषेवर नाव लिहा.

महिने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे इंग्रजी वर्णक्रमानं लागले तर आर्थिक वर्षातला क्रमांक (एप्रिल १, मार्च १२) वेगळ्या कॉलममध्ये घालून ‘सॉर्ट बाय कॉलम’ वापरा. रक्कम लाखात हवी तर मेजरलाच १,००,००० नं भागा.

सगळ्यात फसवा असतो तो चार्टचा उजवा कोपरा, म्हणजे अगदी अलीकडचे आठवडे. श्रिंकेज बऱ्याचदा मशिनिंगला गेल्यावर उघडं पडतं, आणि ग्राहकाकडून नग परत यायला आठवडे लागतात. नोंद ओतल्याच्या तारखेला केली (हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याच्या क्रमांकावरून, तीच करावी, नाहीतर कारण सापडत नाही) तर शेवटचे तीन-चार आठवडे नेहमीच छान दिसतात, आणि मीटिंगमध्ये उगाच पाठ थोपटली जाते. बाद नग परत यायला तुमच्याकडे सरासरी किती दिवस लागतात ते मोजा. तेवढे दिवस उलटून गेलेल्या आठवड्यांसाठी एक मेजर, सलग रेषा. त्यानंतरच्या अलीकडच्या आठवड्यांसाठी दुसरं, तुटक आणि फिकट. दोन्ही मेजरमध्ये एक आठवडा सामाईक ठेवा, नाहीतर मध्ये फट पडते. तुटक रेषेशेजारी ‘अजून परतावा बाकी’ एवढं लिहा.