दाढीवाल्या आयरिसची कंदकूज: कोणते प्रकार टिकतात, कुजका कंद कसा वाचवावा

दाढीवाली आयरिस म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसांची 'दाढी' असलेले, कंदापासून वाढणारे फुलझाड. तिच्या पानांचा पंखा बुडाशी पिवळा पडून हलक्या ओढीने निघून आला आणि कंदाला सडक्या बटाट्यासारखी दुर्गंधी आली, की ती मऊ कूज समजावी. बटाटा सडवणाऱ्या पेक्टोबॅक्टेरियम जिवाणूचेच हे काम. त्याला आत शिरायला जखम लागते: खुरप्याचा घाव, किंवा पूर्व अमेरिकेत आयरिस बोररच्या अळीने पाडलेले भोक.

कूज अजिबात न लागणारा प्रकार नाही, पण फरक मोठा आहे. आयरिस पॅलिडा आणि तिच्या वंशातले जुने द्विगुणित (गुणसूत्रांचे दोनच संच असलेले) वाण चिवट असतात. बुटक्या उंचीचे, नाजूक फुलांचे 'मिनिएचर टॉल' बहुतांशी याच घराण्यातले. ७० सेंमीहून उंच, मोठ्या फुलांच्या आधुनिक वाणांचे मात्र एकेकाचे वेगळे, त्यामुळे आपल्यासारख्याच हवामानातल्या रोपवाटिकेतून घेतलेले बरे. सर्वांत नाजूक ॲरिलब्रेड, म्हणजे वाळवंटी ॲरिल आयरिस आणि दाढीवाली आयरिस यांचे संकर. त्यांचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या उन्हाळ्याचे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीसारख्या दमट जुलैत त्यांना पावसापासून आडोसा हवाच.

कूज दिसताच कंद उकरा. मऊ भाग चमच्याने खरवडा, मग पांढरा, टणक गर लागेपर्यंत सुरीने कापा. इथे हात आखडू नका, तपकिरी कड राहिली तर कूज पुन्हा पसरते. प्रत्येक कापानंतर सुरी ७० टक्के अल्कोहोलने पुसा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात कंद १० मिनिटे बुडवा, धुऊन घ्या आणि कापलेली बाजू खपलीसारखी कोरडी होईपर्यंत दोन-चार दिवस हवेशीर जागी ठेवा. ओला घाव मातीत गेला तर सगळी मेहनत वाया.

पुन्हा लावताना जागा बदला. १५ सेंमी उंच गादीवाफा, सहा तास ऊन, दोन कंदांत ३० ते ४५ सेंमी अंतर. कंदाची पाठ उघडी ठेवा. फार कडक उन्हाच्या भागात वर जेमतेम एक सेंमी माती चालेल. पालापाचोळ्याचे आच्छादन नको. ताजे शेणखत, जास्त नत्राचे खत तर नकोच: वाढ लुसलुशीत होते आणि तीच आधी सडते. दर तीन-चार वर्षांनी, फुले संपल्यावर सहा आठवड्यांनी गड्डा फोडून विरळ करा.

वास नाही, पण बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशी. तिथे कंद साफ करून भागत नाही. दाण्यांसकट भोवतालची १५ सेंमी माती उचलून बागेबाहेर टाका, कंपोस्टात नको.