पाईपच्या तंबाखूची ‘नक्कल’ शोधताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी मामा नाशिकरोडच्या घरी गॅलरीत बसून पाईप पेटवायचे, तेव्हा जिन्यातच कळायचं. हुरड्याच्या आगटीचा धूर आणि त्यात थोडा देवघरातला धूप, असा तो वास. डबा ठरलेला होता, डनहिलचं ‘माय मिक्स्चर ९६५’. २०१८ च्या सुमारास डनहिलच्या नावाने निघणारी पाईपची तंबाखू बंद झाली आणि मामांनी शेवटचा डबा माझ्यासमोर ठेवला. “ह्याच चवीचं काहीतरी बघ रे बाबा.”

माणूस नक्कल शोधतो ती मूळ माल बंद पडला, परवडेना किंवा मिळेना म्हणून. नाशिकमध्ये ही तिन्ही कारणं एकदमच भेटतात. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला सामानात करमाफ तंबाखू आणता येते ती १२५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमचे अडीच डबे. नकलेत गैर काही नाही. अमुक मिश्रणासारखी चव जुळवली आहे असं उघड सांगून विकणारे दुकानदार अमेरिकेत पुष्कळ आहेत. शोधण्याची पद्धत मात्र बहुतेकांची चुकते, आणि सुरुवातीला माझीही चुकली.

कुठल्या मूळाची नक्कल, हे ठरवलेलंच नसतं

ही सगळ्यात मोठी चूक. डनहिलच्या लंडनच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून ते वहीत क्रमांकाने नोंदवत. ९६५ हा त्यातलाच एक क्रमांक. पुढे १९८१ मध्ये हे काम मरे कंपनीकडे गेलं आणि नंतर डेन्मार्कला. म्हणजे १९७५ चा डबा, १९९० चा डबा आणि २०१५ चा डबा, नाव एकच पण हात वेगळे. मामांच्या जिभेवर तरुणपणीची चव होती आणि मी जुळवत होतो शेवटच्या डब्याशी. दोन वर्षं आम्ही वेगवेगळ्या तंबाखूबद्दल बोलत होतो! २०१९ पासून हीच मिश्रणं पीटरसन या पाईप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने निघू लागली. त्यांना नक्कल समजून नाकं मुरडणारे भेटतात, पण ती डेन्मार्कच्या त्याच परंपरेतली आहेत. तुमचा डबा शेवटच्या काळातला असेल तर शोध तिथेच संपवा.

पानच उरलेलं नसतं

‘बाल्कन सोब्रानी’ या जुन्या मिश्रणाच्या चाहत्यांचं दुःख वेगळं आहे. धुराचा तो गडद वास लटाकिया पानाचा. पान आधी उन्हात वाळवायचं, मग लाकडाच्या धुरात काळं होईपर्यंत टांगायचं. नाव सीरियातल्या लटाकिया बंदरावरून पडलं, पण आज बाजारात मिळतो तो सायप्रसचा. त्याचं पान निराळं, धुरी द्यायचं लाकूडही निराळं. ज्याला सीरियाच्या पानाची आठवण आहे त्याला सायप्रसच्या पानाने केलेली नक्कल कितीही मन लावून केलेली असली तरी किंचित परकीच लागणार. यात मिश्रण करणाऱ्याचा दोष नाही.

ताजी नक्कल विरुद्ध मुरलेलं मूळ

लोणचं घातल्या दिवशी कोणी चाखून नाव ठेवत नाही. तंबाखूला मात्र ठेवतात. व्हर्जिनिया पान बंद डब्यात वर्षानुवर्षं मुरतं, त्याचा कच्चा तिखटपणा जातो आणि बेदाण्याच्या पेटीसारखा गोडसर वास येतो. मामांचा डबा सहा वर्षांचा होता, माझी नक्कल सहा दिवसांची. काचेच्या बरणीत घट्ट बंद करा, वर तारीख लिहा, निदान सहा महिने थांबा.

ओल

जीभ चुरचुरली की दोष मिश्रणाला दिला जातो, आणि पुष्कळदा कारण असतं जास्तीची ओल. ओल्या तंबाखूची वाफ जीभ भाजते. चिमूटभर घेऊन दाबा आणि सोडा. हळूहळू फुलली तर ठीक, गोळा राहिला तर ओली, चुरा झाला तर कोरडी. नाशिकच्या मे महिन्यात उघडा डबा चार दिवसांत खडखडीत होतो. तेव्हा सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड आत टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. टाकू नका. श्रावणात माझी अख्खी बरणी अशीच गेली. झाकण उघडलं तर पानांवर कापसासारखे पांढरे तंतू आणि ओल्या गोणपाटाचा वास. अशी बुरशी दिसली की वरचं काढून खालचं वापरू नका, सगळी फेकून द्या.

पाईपही तपासा. चेरीच्या किंवा व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू ज्या पाईपमध्ये वर्षभर ओढली, तिच्या लाकडात तो वास बसलेला असतो. लटाकियाच्या मिश्रणासाठी वेगळी पाईप ठेवा.

नक्कल आणि बनावट यांत गल्लत

जुन्या नावाचा नवाकोरा डबा कोणी स्वस्तात देऊ केला तर हात आखडता घ्या. भारतात कायदेशीरपणे विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असतो. तो नसेल तर माल आडवाटेने आलेला आहे, आणि आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निर्धोक, हा समज खोटा आहे. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाईप ओढणाऱ्यालाही आहे. तोंडात पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली तर चवीचा शोध बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

नाव वाचून चव ठरवणं

शेवटी मी मामांसमोर तीन सारख्या वाट्या ठेवल्या, नावं न सांगता. एकीत जुन्या डब्यातली उरलेली तंबाखू, दोनमध्ये वर्षभर मुरलेल्या नकला. तीन रविवार, तीच पाईप, सकाळच्या चहानंतरची तीच वेळ. दोन रविवारी मामांनी एकाच नकलेकडे बोट दाखवून “ही आपली” म्हटलं. तिसऱ्या रविवारी मूळ ओळखलं. आता त्या नकलेच्या बरणीवर मामांच्या अक्षरात ‘आपली’ अशी चिठ्ठी आहे, खाली भरल्याची तारीख.