रक्त-मेंदू अडथळ्याची गळती मोजताना या चुका टाळा

पाउल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूच्या ऊतीला या रंगांची ओढच नाही, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी ट्रायपॅन ब्लू थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे ओढ होती, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडथळा होता, तो म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत. निरीक्षण अचूक असूनही अर्थ चुकला होता. आज आपल्याकडे कॉन्फोकल आणि टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक आहेत, तरीही या क्षेत्रातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात.

सर्वांत मोठी चूक रंगाच्या निवडीत होते. गळती पाहण्यासाठी रक्तात टोचल्या जाणाऱ्या इव्हान्स ब्लू या रंगाचा रेणू स्वतः हजार डाल्टनहूनही (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान असला, तरी रक्तात तो अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि मग आपण जवळपास ६८ किलोडाल्टनच्या जोडीची गळती मोजत असतो. वाहिनीच्या पेशींमधील फट बंद ठेवणारे क्लॉडिन-५ हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरील २००३ चे काम येथे डोळ्यांसमोर ठेवावे. त्या पिलांच्या रक्तातून मेंदूत सुमारे ८०० डाल्टनपेक्षा लहान रेणू आरपार जात होते, मोठे रेणू मात्र अडत होते, आणि पिले जन्मानंतर काही तासांतच दगावत होती. त्या उंदरांत केवळ इव्हान्स ब्लू वापरणाऱ्याने अडथळा शाबूत असल्याचा निर्वाळा दिला असता. म्हणून एकाच प्राण्यात दोन वेगळ्या रंगांचे, एक लहान आणि एक मोठा, असे दोन मागोवक (ज्यांच्या मागे गळती शोधता येते असे रेणू) वापरावेत. दुसऱ्या टोकाची चूकही होते: इव्हान्स ब्लूची मात्रा अल्ब्युमिनच्या धारणक्षमतेपलीकडे गेली, की मोकळा रंग फिरू लागतो आणि तो प्रथिनासारखा वागत नाही. फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग जोडलेल्या डेक्स्ट्रान या साखरेच्या लांब साखळीचीही हीच गत आहे. बाटलीवरचे ७० किलोडाल्टन ही सरासरी असते आणि साठवणीत सुटलेले फ्लुओरेसीन अवघे काहीशे डाल्टनचे असते. प्लेट रीडर या चमक मोजणाऱ्या यंत्रावर दिसणारी चमक त्याचीच असू शकते. जुनी बाटली वापरण्यापूर्वी जेल गाळणीच्या छोट्या स्तंभातून द्रावण एकदा काढून पाहावे.

रंग वाहिनीबाहेर दिसला, म्हणजे टाइट जंक्शन (पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे सांधे) तुटले, असेही लिहू नये. रेणू पेशींच्या फटीतून जाऊ शकतो, तसाच पेशीच्या पोटातून पुटिकांमार्फतही (छोट्या पिशव्यांतून) जाऊ शकतो. उंदरांतील पक्षाघाताच्या एका प्रारूपात पुटिकांची वाहतूक सहा तासांतच वाढलेली आढळली, तर जंक्शनमधील ठळक बदल सुमारे दोन दिवसांनी दिसले. नुसते फ्लुओरेसन्स हे दोन मार्ग वेगळे करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या विकरासारखा मागोवक पाहावा लागतो.

कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, घोटाळे अधिक आणि ते अधिक साध्या कारणांनी होतात. पेशीस्तराचा विद्युत रोध, ज्याला सगळे टीईईआर म्हणतात, मोजताना रिकाम्या इन्सर्टचा (पेशी ज्या सच्छिद्र पडद्यावर वाढतात त्या छोट्या कपाचा) रोध आधी वजा करावा आणि उरलेल्या ओहमला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणावे, भागू नये. बारा कप्प्यांच्या प्लेटमधील इन्सर्टचे क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर धरले आणि वाचन १६० व रिकाम्याचे १२० ओहम असेल, तर उत्तर सुमारे ४५ ओहम चौरस सेंटिमीटर येते. मानवी मेंदूच्या केशवाहिन्यांतून मिळवलेल्या एचसीएमईसी/डी३ पेशींसाठी हा आकडा नेहमीचा आहे, पण त्यावरून जिवंत मेंदूतील केशवाहिनीबद्दल बोलू नये, कारण बेडकाच्या मेंदूवरील वाहिन्यांत हजार ओहम चौरस सेंटिमीटरहून बराच अधिक रोध मोजला गेला आहे. प्लेट इन्क्युबेटरमधून काढून लगेच वाचायला घेतली, तर माध्यम थंड होत जाते, रोध वाढत जातो आणि पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत एक खोटा चढ दिसतो. वातानुकूलित खोलीत हे हमखास घडते. सगळे कप्पे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत, मगच वाचावे.

माझा स्वतःचा एक महिना कॅल्शियमविरहित पीबीएसमुळे (पेशी धुण्याच्या क्षारद्रावणामुळे) वाया गेला. धुण्यासाठी हाताशी असलेली बाटली घेतली, दोन मिनिटे पेशी त्यात राहिल्या, आणि औषध न दिलेल्या नियंत्रण गटातही डेक्स्ट्रान खाली उतरू लागला. पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनाला पकड टिकवण्यासाठी कॅल्शियम लागते. ते काढून घेतले, की जंक्शन सैल होतात. कॅल्शियम असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे झाकणावर ठळक खूण करून ठेवणे बरे.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन हिरवे-लाल ठिपके एकावर एक दिसले, म्हणून वाहिनीच्या आतील अंतःस्तर पेशी आणि तिला बाहेरून बिलगलेली पेरिसाइट पेशी यांची थेट भेट सिद्ध होत नाही. त्यांच्यामधील आधारपटल (दोघींना वेगळे ठेवणारा पातळ थर) बहुतेक ठिकाणी कॉन्फोकलच्या सुमारे २०० नॅनोमीटरच्या विभेदनक्षमतेपेक्षा अरुंद असते आणि खोलीच्या दिशेने तर अवस्था आणखी वाईट असते. टू-फोटॉनसाठी कवटीत खिडकी केल्यावर काही आठवडे थांबावे, कारण ड्रिलची उष्णता आणि त्यानंतरचा दाह हे स्वतःच गळती घडवतात. लेसरही ऊतीला तापवतो: १०० मिलिवॅटमागे दीड-दोन अंश, असा अंदाज धरून शक्ती ठरवावी.

एक सापळा फारच सुबक आहे. उंदराच्या मेंदूवर उंदरातच तयार केलेले (प्राथमिक) प्रतिपिंड वापरले, तर त्याला शोधणारे, चमकणारे उंदीर-विरोधी दुय्यम प्रतिपिंड अडथळ्यातून बाहेर पडलेल्या उंदराच्या स्वतःच्या आयजीजी या रक्तातील प्रतिपिंडालाही चिकटते. वाहिनीभोवती सुंदर तेजोवलय दिसते आणि ते आपल्या प्रथिनाचे आहे असे वाटते. नेमके जेथे गळती आहे तेथेच हे घडत असल्याने संशयही येत नाही. प्राथमिक प्रतिपिंड वगळून एक काप रंगवला, की तेजोवलय तसेच उरते आणि उलगडा होतो. पुढच्या वेळी सशाचे प्रतिपिंड मागवावे, आणि हा काप मात्र फेकू नये. आयजीजीची गळती दाखवायला तोच उपयोगी पडतो.